फॉर्म बदलला, पण जुने कागद फाडू नका

एका वाचक ताईंचं पत्र न्यू जर्सीहून आलं आहे. थोडं आटोपशीर करून देत आहे.

“सप्रेम नमस्कार. एडिसनला माझं छोटंसं स्वयंपाकघर आहे. रोजचे डबे, सणाला फराळ आणि पुरणपोळ्या. सहा जणी पगारावर आहेत. कामावर घेताना माणसाची ओळख आणि कामाची परवानगी तपासल्याचा जो आय-९ फॉर्म भरतात तो बदलला, असं आमच्या अकाउंटंटने सांगितलं. शेजारच्या दुकानदाराने जुने फॉर्म टाकून देऊन सगळ्यांकडून नवे भरून घेतले. मीही तसंच करू का? मी आजवर काळजी म्हणून नागरिक असेल तिच्याकडे अमेरिकन पासपोर्ट आणि बाकीच्यांकडे ग्रीन कार्ड किंवा वर्क परमिट मागत आले आहे. एकीचा फॉर्म भरायचाच राहून गेला आहे, ती गेल्या वर्षापासून कामावर आहे. दुसरी एच-४ व्हिसावर, म्हणजे एच-१बी वर नोकरी करणाऱ्याच्या बायकोला मिळतो त्या व्हिसावर आहे. तिचं कार्ड दोन महिन्यांत संपतं. तिने डिसेंबर २०२५ मध्ये नूतनीकरणाचा अर्ज केला आहे आणि पावती दाखवली की ५४० दिवस काम करता येतं, असं ती म्हणते. टेक्सासमधल्या एकीला ऑनलाइन ऑर्डर घेण्यासाठी ठेवायचा विचार आहे, तर तिची कागदपत्रं व्हिडिओवर बघितली तर चालेल ना? दिवाळीच्या आधी सासूबाई येतील, तेव्हा स्वयंपाकघरात मला हातभार लागेल, पण तोवर हे निस्तरायला हवं. फार धास्ती वाटते आहे.”

ताई, नमस्कार.

तुम्ही विचारलेल्या प्रश्नांमध्ये सगळ्यात निकडीचा प्रश्न तुमच्या एच-४ वाल्या मैत्रिणीचा आहे. फॉर्म नवा की जुना, हे त्यामानाने किरकोळ. म्हणून आधी तिच्याबद्दल बोलू.

तिला जे माहीत आहे ते काही काळ खरं होतं. वर्क परमिटच्या, म्हणजे ईएडी कार्डाच्या नूतनीकरणाचा अर्ज कार्ड संपण्याआधी केला असेल, तर बऱ्याच वर्गांना जुन्या कार्डावर आपोआप मुदतवाढ मिळायची. आधी ती १८० दिवसांची होती, मग ५४० दिवसांची झाली. एच-४ ला ती मुदत आय-९४ च्या, म्हणजे अमेरिकेत कुठवर राहता येतं ते दाखवणाऱ्या नोंदीच्या, तारखेपर्यंतच मिळायची, पण मिळायची. ३० ऑक्टोबर २०२५ पासून मात्र नियम बदलला. त्या दिवशी किंवा त्यानंतर केलेल्या नूतनीकरणाच्या अर्जांना ही आपोआप मुदतवाढ मिळत नाही. काही मोजके अपवाद आहेत, त्यांत एच-४ येत नाही. २९ ऑक्टोबरपर्यंत अर्ज केलेल्यांची जुनी सवलत शाबूत आहे. तुमच्या मैत्रिणीचा अर्ज डिसेंबरचा आहे. तेव्हा पावती हातात असली तरी कार्डावर छापलेली तारीख उलटली की तिला काम करता येणार नाही.

ही गोष्ट तिला आजच सांगा. तिच्या पावतीवर अर्ज पोहोचल्याची तारीख छापलेली असते, ती दोघी मिळून वाचा. डिसेंबर हीच तारीख असेल, तर पुढचे दोन महिने हातात आहेत असं धरून चाला.

या दोन महिन्यांत करण्यासारखं काही आहे. यूएससीआयएसकडे, म्हणजे हे अर्ज बघणाऱ्या अमेरिकन इमिग्रेशन खात्याकडे, अर्ज तातडीने निकाली काढण्याची विनंती करता येते. व्यक्तीचं किंवा कंपनीचं गंभीर आर्थिक नुकसान होत असेल, तर तो एक निकष धरला जातो. तुम्ही तुमच्या बाजूने पत्र द्या: ती कोणतं काम करते, ती नसली तर किती ऑर्डर सोडाव्या लागतील, आकड्यांसह. विनंती मान्य होईलच असं नाही, पण करायला हरकत नाही. तिच्या नवऱ्याच्या एच-१बी ची मुदत आणि तिचं आय-९४ कुठवर आहे, हेही तिने आपल्या वकिलाकडून बघून घ्यावं. एच-४ चं कार्ड सहसा त्या तारखांना बांधलेलं असतं, आणि तिथेच अडलेलं असेल तर नुसती ईएडीची वाट बघून उपयोग नाही.

कार्ड वेळेत आलं नाही तर तिचं काम थांबवावं लागेल. तिला कामावरून कमी करायचं की बिनपगारी रजेवर ठेवायचं, हा तुमचा निर्णय. मी तुमच्या जागी असते तर रजेवर ठेवलं असतं, आणि तसं लेखी दिलं असतं, म्हणजे तिला नोकरी गेल्याची धास्ती राहत नाही. मात्र रजा म्हणजे खरोखर रजा. आपल्या लोकांत अशा वेळी जे मार्ग सुचवले जातात ते मला ठाऊक आहेत. घरून पोळ्या करून दे, पैसे रोख देते. पगार भारतातल्या खात्यावर रुपयांत टाकते. आत्ता नुसती मदत कर, कार्ड आल्यावर हिशोब करू. यांतला एकही मार्ग धरू नका. काम अमेरिकेत होतं आहे, मोबदला कुठल्या देशात पोहोचला याने फरक पडत नाही. आणि याचा फटका तुमच्यापेक्षा तिला जास्त बसेल. परवानगीशिवाय केलेलं काम पुढे तिच्या ग्रीन कार्डाच्या अर्जात आडवं येऊ शकतं. वर्षानुवर्षं रांगेत थांबलेल्या कुटुंबाचं दोन महिन्यांच्या पोळ्यांसाठी असं नुकसान होऊ देऊ नये. तुमच्यासाठीही, परवानगी संपली आहे हे माहीत असूनही कामावर ठेवणं हा कागद अपुरा राहण्यापेक्षा मोठा गुन्हा आहे. २०२५ च्या दरांप्रमाणे पहिल्याच वेळी माणसामागे ७१६ ते ५,७२४ डॉलर दंड आहे.

नवं कार्ड आलं की तिचा अख्खा फॉर्म पुन्हा भरायचा नाही. त्याच्या जोडीला ‘सप्लिमेंट बी’ नावाची पुरवणी आहे, तीत नव्या कार्डाची नोंद करून सही करायची. जुन्या फॉर्मात हाच भाग ‘सेक्शन ३’ म्हणून होता.

आता फॉर्मबद्दल. तुमच्या अकाउंटंटने सांगितलं ते बरोबर आहे, फक्त ते अर्धं आहे. मोठा बदल २०२३ मध्ये झाला. त्या वर्षीच्या १ ऑगस्टच्या आवृत्तीत कामगाराचा भाग आणि मालकाचा भाग एकाच पानावर आले, भाषांतर करणाऱ्याचा किंवा भरून देणाऱ्याचा भाग ‘सप्लिमेंट ए’ म्हणून वेगळा निघाला, आणि ई-व्हेरिफाय, म्हणजे कामगाराची परवानगी सरकारकडून ऑनलाइन पडताळून घ्यायची व्यवस्था, वापरणाऱ्या मालकांसाठी एक नवी चौकट आली. १ नोव्हेंबर २०२३ पासून ती आवृत्ती सक्तीची झाली. त्यानंतर २० जानेवारी २०२५ ची आवृत्ती आली. तिच्यात कामगाराने खूण करायच्या चौथ्या चौकटीचे शब्द बदलले, कागदपत्रांच्या यादीतले काही तपशील बदलले, आणि फॉर्मची मुदत ३१ मे २०२७ झाली. नव्या माणसाला घेताना यूएससीआयएसच्या साइटवरून फॉर्म उतरवून घ्या आणि तळाशी ०१/२०/२५ ही तारीख बघा. अमेरिकन पद्धतीने महिना आधी लिहिलेला असतो. काही कंपन्यांकडे ०८/०१/२३ ची आवृत्ती अजून वापरात आहे. तिच्या ज्या प्रतीवर ३१ जुलै २०२६ ही मुदत छापलेली आहे, ती त्या तारखेनंतर चालत नाही. तुम्ही त्या हिशोबात पडूच नका, ताजीच वापरा.

हे सगळं नव्याने कामावर येणाऱ्यांसाठी आहे. ज्या बायका आधीपासून आहेत, त्यांचे फॉर्म त्या त्या वेळी चालू असलेल्या आवृत्तीवर भरलेले असतील, तर ते जसे आहेत तसेच कायम राहतात. आवृत्ती बदलली म्हणून ते पुन्हा भरायचे नसतात. शेजारच्या दुकानदाराने जे केलं त्याने त्यांच्या अडचणी वाढल्या आहेत. कामगाराने पहिला भाग कामाच्या पहिल्या दिवसापर्यंत भरायचा असतो, आणि मालकाने मूळ कागद बघून दुसरा भाग त्या दिवसापासून कामाच्या तीन दिवसांत पुरा करायचा असतो. जुना फॉर्म या वेळा पाळल्याचा पुरावा असतो. तो फेकला आणि आज नवा भरला, की २०२२ साली कामावर घेतलेल्या बाईचा फॉर्म आजच्या तारखेचा दिसतो. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याला तो उशिरा भरलेलाच वाटणार. शिवाय असं पुन्हा भरून घेताना फक्त परदेशी जन्मलेल्यांनाच बोलावलं असेल, तर भेदभावाची तक्रार वेगळी. तुमचे जुने कागद फाइलीत आहेत तिथेच राहू द्या.

ज्या एकीचा फॉर्म राहून गेला, तिचा मात्र आज भरा. कामावर रुजू झाल्याची तारीख खरी लिहायची, गेल्या वर्षीची. सह्यांखाली तारीख आजची. सोबत एक चिठ्ठी टाचून ठेवा: फॉर्म का राहिला, केव्हा लक्षात आलं, केव्हा भरला, तुमची सही. मागची तारीख टाकायचा मोह होतो, कारण कागद नीटनेटका दिसतो. तो आवरा. उशीर ही चूक आहे आणि तिला फार तर दंड आहे, पण खोटी तारीख ही फसवणूक ठरू शकते. इतर फॉर्मांत कुठे चूक दिसली तरी व्हाइटनर लावू नका. चुकलेल्यावर एक रेघ मारा, शेजारी बरोबर लिहा, आद्याक्षरं आणि त्या दिवसाची तारीख टाका. पहिल्या भागातली चूक कामगाराने स्वतः दुरुस्त करायची, दुसऱ्या भागातली तुम्ही.

दंडाची धास्ती आहे म्हणून आकडा सांगते. कागदोपत्री चुकीला २०२५ च्या दराने फॉर्ममागे २८८ ते २,८६१ डॉलर. सहा जणींच्या स्वयंपाकघराला तो जड आहे, म्हणून आत्ताच एक दुपार काढून सहाही फॉर्म बघून घ्या.

आता मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट. ताई, तुम्ही नागरिकाकडे पासपोर्ट आणि इतरांकडे ग्रीन कार्ड मागता, आणि ते काळजीपोटी करता, हे पत्रातून स्पष्ट दिसतं. पण हे कायद्याला मान्य नाही. फॉर्मसोबत कागदपत्रांच्या तीन याद्या असतात. ‘लिस्ट ए’ मधला एक कागद ओळख आणि कामाची परवानगी दोन्ही दाखवतो: अमेरिकन पासपोर्ट, ग्रीन कार्ड, ईएडी. किंवा मग ‘लिस्ट बी’ मधला एक ओळखीचा आणि ‘लिस्ट सी’ मधला एक परवानगीचा, जसं ड्रायव्हिंग लायसन्स आणि कुठलाही निर्बंध न छापलेलं सोशल सिक्युरिटी कार्ड. यांतलं काय द्यायचं हे कामगार ठरवतो. तुम्ही तिन्ही याद्या तिच्या पुढ्यात ठेवायच्या आणि थांबायचं. तिने दिलेला कागद वरवर बघता खरा आणि तिचाच वाटत असेल, तर तो घ्यायचा. त्याहून जास्त मागायचं नाही. हा कायदा १९८६ चा आहे, आणि ज्या कायद्याने मालकांवर तपासणीची जबाबदारी टाकली, त्यानेच नागरिकत्वावरून आणि मूळ देशावरून होणाऱ्या भेदभावाला बंदी घातली. कारण तेव्हाही भीती हीच होती की दंडाच्या धाकाने मालक परक्या वाटणाऱ्या माणसाकडे जास्तीचे कागद मागतील. चार किंवा अधिक माणसं कामाला असतील तर हे कलम लागू होतं. तुमच्याकडे सहा जणी आहेत.

याचा दुसरा अर्थ तुमच्या फायद्याचा आहे. ग्रीन कार्डाची मुदत संपली म्हणून कामावर असलेल्या बाईकडे नवं कार्ड मागायचं नसतं. कायमची रहिवासी कार्डाच्या तारखेला रहिवासी असायची थांबत नाही. नागरिकाचा पासपोर्ट संपला तरी तेच, लायसन्स संपलं तरी तेच. पुन्हा तपासायचं ते ज्यांच्या कामाच्या परवानगीलाच मुदत आहे त्यांचं. तुमच्याकडे सध्या ती एच-४ वालीच दिसते. तिच्यासारखी आणखी कुणी आली, तर कॅलेंडरवर तिच्या तारखेच्या ९० दिवस आधी खूण करून ठेवा आणि तिला आठवण द्या. नूतनीकरणाचा अर्ज तारखेच्या १८० दिवस आधीपासून करता येतो. आपोआप मुदतवाढ गेल्यापासून त्या १८० दिवसांची किंमत खूप वाढली आहे. कार्ड संपायच्या तोंडावर अर्ज करणं आता परवडत नाही.

नावांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण मराठी बायकांच्या कागदांत हा घोळ हमखास असतो. पासपोर्टवर नवऱ्याचं नाव ‘गिव्हन नेम’ मध्ये घुसलेलं, सोशल सिक्युरिटी कार्डावर माहेरचं आडनाव, लायसन्सवर तिसरंच काही. एवढ्यावरून कागद नाकारू नका. आधीच्या आडनावांसाठी फॉर्मात वेगळी जागा आहे, ती भरून घ्या. नावं एकाच व्यक्तीची आहेत हे पटण्यासारखं असेल, तर कागद घ्या आणि तुम्हाला का पटलं याची दोन ओळींची चिठ्ठी जोडा.

टेक्सासची मुलगी. करोनाच्या काळात मार्च २०२० पासून कागद व्हिडिओवर बघायची सूट होती, ती ३१ जुलै २०२३ ला संपली. १ ऑगस्ट २०२३ पासून कायमची पर्यायी पद्धत आली, पण ती फक्त ई-व्हेरिफायमध्ये नोंद असलेल्या आणि त्याचे नियम पाळणाऱ्या मालकांना. त्यांनी कागदाच्या दोन्ही बाजूंच्या प्रती घ्यायच्या, मग थेट व्हिडिओवर तेच कागद बघायचे, फॉर्मवरच्या चौकटीत खूण करायची आणि प्रती जपून ठेवायच्या. तुमची तशी नोंद पत्रावरून दिसत नाही, म्हणून व्हिडिओ तुमच्यासाठी नाही. एका माणसासाठी ई-व्हेरिफाय घ्यावं असं मला वाटत नाही. एकदा घेतलं की त्या कामाच्या ठिकाणी पुढे येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाची नोंद करावी लागते, तीही तीन कामाच्या दिवसांत, आणि त्याचे करारनामे आणि नियम वेगळे. त्यापेक्षा तिच्या गावात तुमच्या वतीने कुणीतरी मूळ कागद समोर बसून बघू दे आणि दुसऱ्या भागावर सही करू दे. नोटरीच हवा असं नाही, विश्वासाची कुठलीही व्यक्ती चालते. फक्त त्या व्यक्तीकडून चूक झाली तर जबाबदार तुम्हीच असता, म्हणून फोनवर तिच्यासोबत राहून फॉर्म ओळीने वाचून घ्या. त्या मुलीने स्वतःचेच कागद तपासून चालत नाही.

आणि सासूबाई. हे तुम्ही जाता जाता लिहिलंत, पण मी वाचून थांबले. त्या व्हिजिटर व्हिसावर येणार असतील, तर तुमच्या घराच्या स्वयंपाकघरात त्यांनी काय हवं ते करावं, नातवंडांना मनसोक्त खाऊ घालावं. पण विकायच्या चकल्या त्यांनी पाडू नयेत. “पगार देत नाही ना, मग काम कसलं?” असं आपल्याला वाटतं. आय-९ च्या नियमांत मोबदला म्हणजे कामाच्या बदल्यात दिलेली किमतीची कुठलीही वस्तू, त्यात जेवण आणि राहण्याची सोयही धरली आहे. व्हिजिटर व्हिसावर कामाची परवानगी नाही. त्यांच्या पुढच्या भेटीचा व्हिसा आणि विमानतळावरचे प्रश्न, दोन्हींसाठी हे महत्त्वाचं आहे. त्या तिथे उतरताना “सुनेच्या धंद्यात मदत करायला आले” असं सरळपणाने बोलल्या, तर त्यांना परत पाठवण्यापर्यंत वेळ येऊ शकते. येण्याआधी त्यांच्याशी हे मोकळेपणी बोला. दिवाळीसाठी हात कमी पडत असतील तर परवानगी असलेली दोन माणसं हंगामी घ्या, त्यांचे आय-९ भरा. तीन दिवसांपेक्षा कमी काळासाठी घेतलंत, तर दुसरा भाग पहिल्याच दिवशी पुरा करावा लागतो. शनिवार-रविवारी कॉलेजची मुलं मदतीला बोलवायची पद्धत आहे, तिथेही हेच बघा. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरच्या मुलाला परवानगीशिवाय कॉलेजबाहेर नोकरी करता येत नाही.

भरलेला फॉर्म कुठेही पाठवायचा नसतो, तुमच्याकडेच ठेवायचा. बाई काम सोडून गेली तरी लगेच टाकायचा नाही. रुजू झाल्यापासून तीन वर्षं आणि काम सोडल्यापासून एक वर्ष, या दोन तारखांपैकी नंतरची जी असेल तोवर ठेवायचा. जून २०२१ ला आली आणि डिसेंबर २०२४ ला गेली, तर फॉर्म डिसेंबर २०२५ पर्यंत. हे सगळे फॉर्म पगाराच्या कागदांपासून वेगळ्या फाइलीत ठेवा. तपासणीची नोटीस आली तर फॉर्म दाखवायला किमान तीन कामाचे दिवस मिळतात, आणि त्या तीन दिवसांत घरभर कागद शोधत बसायची पाळी येऊ नये. नोटीस आलीच तर उत्तर द्यायच्या आधी इमिग्रेशनच्या वकिलाला फोन करा. हे काम अकाउंटंटचं नव्हे.

वकिलाचा खर्च नको वाटत असेल आणि प्रश्न फक्त “हा कागद घेऊ की नको” एवढाच असेल, तर अमेरिकन न्याय खात्याच्या नागरी हक्क विभागात भेदभावाचं कलम सांभाळणारं एक कार्यालय आहे. ते मालकांसाठीही फोनवर सल्ला देतं, आणि तिथे नाव न सांगता विचारता येतं. तुमच्या आधीच्या मागण्यांबद्दलही तिथेच विचारा. पुढच्या बाईला घ्यायच्या आधी विचारलंत तर उत्तम.